राहुरीचं गिरमिट आणि तक्रारींचं पान

"ताई, मला एवढंच सांगा, मी माझाच एजंट कवापासून झालो?"

साळवेकाकांनी ई-मेलचा प्रिंटआउट थेट माझ्या कीबोर्डवर ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसले. राहुरीहून एसटीनं आले होते. चहा विचारला तर मानेनंच नको म्हणाले. साळवेकाका चहाला नको म्हणतात, म्हणजे प्रकरण गंभीर.

ई-मेल पूर्व आफ्रिकेतल्या एका संस्थेचा होता. ती तिकडच्या शेतकऱ्यांच्या जमिनी तपासून द्यायची. तिनं नम्रपणे विचारलं होतं: तुमच्यासारखंच अवजार आम्ही पुण्याच्या एका कंपनीच्या साइटवर पाहिलं. तुम्ही त्यांचे एजंट आहात का? तसं असेल तर आम्ही मूळ उत्पादकाशीच बोलू.

मूळ उत्पादक माझ्यासमोर स्टुलावर बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

आता ते अवजार काय, ते सांगते. सुताराचं गिरमिट लाकडाला भोक पाडतं, साळवेकाकांचं जमिनीला. वर आडवी मूठ, मध्ये पाइप आणि खाली वळवलेल्या पात्यांची एक डबी. दोन्ही हातांनी फिरवत गेलं की ते जमिनीत उतरतं आणि खोलवरची माती डबीत घेऊन वर येतं. माती परीक्षणाला हेच लागतं. इंग्रजीत त्याला सॉइल ऑगर म्हणतात. साळवेकाका त्याला 'माझं गिरमिट' म्हणायचे, त्यातल्या 'माझं'वर जरा जोर देऊन.

पुण्याच्या त्या कंपनीनं मागे त्यांच्याकडूनच काही नग नेले होते. पुढे नेणं बंद केलं. आणि मग एक दिवस त्यांच्या साइटवर तेच गिरमिट रंगीत फोटोसह झळकलं. खाली लिहिलं होतं, 'आमच्या संशोधनातून'.

"मी कळवलंय, मीच बनवतो म्हणून," काका म्हणाले. "पन पुन्यानं बी तेच कळवलं आसंल. आता ती मानसं काय करनार?"

"इंटरनेटवर शोधून बघणार."

"मग बघा की तुमी शोधून."

मी बघितलं. मोडेमनं आधी नेहमीप्रमाणे किंचाळून, घसा खाकरून, मांजरी भांडल्यासारखे आवाज काढून घेतले. मग लाइन लागली. मी सर्च इंजिनमध्ये 'सॉइल ऑगर' टाइप केलं. पुणं पहिल्याच पानावर होतं. राहुरी, म्हणजे मी काकांसाठी बनवलेली साइट, शोधत आम्ही पानं उलटत गेलो. एकेक पान उघडायला इतका वेळ लागे की मधल्या वेळात काकांनी मगाशी नाकारलेला चहा मागवून घेतला. शेवटी सापडलो. आमच्या वर एका अमेरिकन माणसाचं पान होतं. त्याला असल्याच ऑगरनं बर्फाला भोकं पाडून मासे धरायचा नाद होता.

"ऑर्डर गेली तर गेली," काका म्हणाले. "ट्रॉल्या जोडायचं काम हायच. पन माझं गिरमिट दुसऱ्याच्या नावानं जगात फिरंल आन् मी नकलाकार ठरंन. ते मला चालायचं न्हाई."

संस्था पुढच्या हंगामाआधी निर्णय घेणार होती. तोवर राहुरी वर यायला हवी होती.

हे सगळं नव्वदीच्या अगदी अखेरीचं. नगरला दिल्ली गेटजवळ आमचं ऑफिस होतं. आधी तिथं एसटीडी बूथ आणि झेरॉक्स होतं. मग आमच्या शेठच्या कानावर पडलं की पुढचा जमाना साइटचा. त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला, मला घेतलं आणि बाहेर पाटी लावली: 'वेब साइट बनवून मिळेल'. पाटीवर 'लॅमिनेशन'ही होतं. सावध माणूस.

मी आधी तेव्हाचा हुकमी उपाय केला. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत 'सॉइल ऑगर, सॉइल ऑगर' असं पानभर लिहून टाकलं. माणसाला दिसत नाही, सर्च इंजिनला दिसतं. जुनी इंजिनं याला भुलायची. पण तेव्हा एक नवं इंजिन आलं होतं आणि बाहेरदेशचे लोक तेच वापरू लागले होते. ते आपण स्वतःबद्दल काय लिहिलंय याला फारसं विचारायचं नाही. दुसरे आपल्याबद्दल काय करतात, ते बघायचं. दुसऱ्या कुणी आपल्या साइटवर आपल्या साइटकडे येणारी वाट ठेवली, की ती झाली आपल्याला मिळालेली लिंक. वाटा जितक्या जास्त आणि जितक्या वजनदार घरांतून निघालेल्या, तितकी आपली जागा वर.

मी हे साळवेकाकांना समजावायला घेतलं आणि अर्ध्यातच त्यांनी हात वर केला.

"म्हंजे लग्नपत्रिका."

"म्हणजे?"

"ताई, पत्रिकेत आपलं नाव आपुन छापलं त्याला काय किंमत हाय? दुसऱ्याच्या पत्रिकेत निमंत्रक म्हनून कितीजागी नाव येतं, त्यावरनं मानूस कळतो. आन् ती पत्रिका कुनाची, ते बी बघत्यात."

मी आजवर कितीतरी सेमिनारांना बसले. लिंकचा अर्थ इतक्या कमी शब्दांत मला परत कुणी सांगितलेला नाही.

पण हे शेठनी ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांत दिवे लागले. "मग अवघड काय आहे? आपली एवढी गिऱ्हाईकं आहेत. सगळ्यांनी एकमेकांची नावं टाकायची. साळवेंनी त्यांचं, त्यांनी साळवेंचं. सगळेच वर."

मलाही ते पटलं. मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या साइटवर एक पान जोडलं आणि त्याला नाव दिलं 'आमचे स्नेही'. त्यात इतर सगळ्यांच्या लिंका. आपल्याकडे पत्रिकेत नावं छापली की पुढे काय होतं, हे नगर जिल्ह्यात जन्माला येऊनही मी विसरले होते.

पहिला फोन शेवगावहून आला. तिथले आमचे एक गिऱ्हाईक होते भाऊसाहेब, त्यांची जिनिंग मिल होती.

"मॅडम, ते स्नेही का फिही बघितलं. आमचं नाव कर्जतवाल्याच्या खाली कसं काय?"

कर्जतवाला म्हणजे त्यांचा सख्खा चुलतभाऊ, आबासाहेब. त्यांची कोंबड्यांची हॅचरी होती. दोघांचं बोलणं बंद होतं. कशावरून, ते दोघांनाही नीट सांगता यायचं नाही, पण बंद होतं हे मात्र नक्की.

"इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलंय, भाऊसाहेब. ए आधी, बी नंतर."

"ते इंग्रजांचं झालं. आमच्यात थोरला आधी."

मी नावं वयाप्रमाणे लावली. दुसऱ्या दिवशी आबासाहेबांचा फोन. "थोरला असंल तो वयानं. साइट आधी कुनाची झाली? माझी. मग?"

मी वैतागून एक युक्ती केली. पान जितक्या वेळा उघडेल तितक्या वेळा नावांचा क्रम आपोआप बदलेल, असा छोटा प्रोग्राम लिहिला. कधी हे वर, कधी ते. माझी मलाच मोठी हुशारी वाटली. त्यानंतर रोज सकाळी शेवगाव आणि कर्जत, दोन्ही गावांहून फोन येऊ लागले.

"काल वर होतो, आज खाली कुनी ढकललं?"

"परत उघडून बघा, भाऊसाहेब."

ते पान परत उघडायचे. मग समाधानाचा हुंकार. "हां. आता बरोबर केलंत."

मी काहीच केलेलं नसे. नुसता फोन धरून बसलेली असे.

नव्या इंजिनाची यादी तेव्हा रोज बदलत नसे. काही आठवड्यांनी एकदा सगळं नव्यानं मोजलं जाई. ती वेळ आली तशी मी, शेठ आणि साळवेकाका, तिघं स्क्रीनसमोर बसलो. राहुरी जिथं होती तिथंच होती. बर्फातले मासेवाले एक जागा वर सरकले होते. आणि एका जुन्या इंजिनानं तर आमची साइट यादीतून काढूनच टाकली होती. त्या पांढऱ्या अक्षरांची चलाखी त्यांच्या ध्यानात आली होती.

कारण शोधायला फार डोकं लागलं नाही. आमची सगळी गिऱ्हाईकं एकाच कॉम्प्युटरवर राहत होती, एकाच दिवशी एकमेकांची स्नेही झाली होती, आणि कापूस, कोंबड्या, लॉज यांचा जमिनीतल्या भोकाशी काही संबंध नव्हता. एका मांडवात बसून सगळ्यांनी एकमेकांना पुढारी म्हटलं, तर बाहेरच्या गावाला काय त्याचं.

"म्हंजे आपुन व्हतो त्याच्यापेक्षा खाली गेलो," साळवेकाका म्हणाले. रागानं नाही. हिशेब समजून घेतल्यासारखे. मग छत्री उचलून एसटी गाठायला निघून गेले. मला त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी मी राहुरीला गेले. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं, पण फोनवर सांगण्यासारखं काही नव्हतं हे नक्की.

वर्कशॉप म्हणजे एक पत्र्याची शेड. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. खाली लेथ. साळवेकाका कृषी विद्यापीठातल्या एका मुलाशी तावातावानं बोलत होते. मुलाचं नाव निलेश, एम.एस्सी. करत होता. समोर गिरमिट पडलेलं.

"नुसतं 'जड जातं' म्हनू नको. कुठं जड जातं? उतरताना का वर काढताना?"

"वर काढताना, काका. ओल्या काळ्या रानात. माती डबीला चिकटून बसते."

"हां. आता बोललास."

तिथली रीत मला त्या दिवशी कळली. विद्यापीठातल्या पोरांना मातीचे नमुने काढायला गिरमिट लागायचं. काका ते फुकट वापरायला द्यायचे. अट एकच. परत आणताना तक्रार घेऊन यायचं. कुठं वाकलं, कुठं अडलं, हाताला कुठं फोड आला. तक्रार नसेल तर काका नाराज. "मग तू ते वापरलंच न्हाईस," म्हणायचे. वर्षानुवर्षांच्या अशा तक्रारींतून ते गिरमिट घडलं होतं. मूठ एकानं लांब करायला लावली होती. पाइपाच्या मानेत, म्हणजे डबी जिथं पाइपाला जोडलेली असते तिथं, आतून एक पोलादी कडी बसवली होती. तीही एका मुलीनं दोन गिरमिटं पिळवटून आणली म्हणून. कडी बाहेरून दिसत नसे.

"ही पोरं पुढे जातात कुठं?" मी विचारलं.

"कुठं बी. सरकारी नोकरीत, बियाण्याच्या कंपन्यांत. काई परदेशात शिकायला. एक हॉलंडला गेला तो गिरमिट बॅगेत घालून. विमानतळावर धरला की त्याला."

मी ताडकन उभी राहिले. परदेशी विद्यापीठातल्या प्रत्येक पोराचं तेव्हा स्वतःचं एक वेब पान असायचं. मातीवर काम करणारी पोरं, मातीच्या खात्याच्या कॉम्प्युटरवर. याहून वजनदार घर कुठलं?

"काका, यांना एकेक लिंक टाकायला सांगू या."

"न्हाई."

"का?"

"शेवगाववाल्याचं आपुन टाकलं, त्यानं आपलं टाकलं. फिटंफाट झाली. ह्या पोरांना मी कदी काय मागितलं न्हाई. आता नाव छापा म्हनून हात पसरू व्हय?"

"हात कसला पसरायचा? पोरं आनंदानं टाकतील."

"म्हनूनच न्हाई मागायचं."

मी खूप वाद घातला. निलेशनंही माझी बाजू घेतली. काका लेथ चालू करून मोकळे झाले. लेथ चालू असला की त्यांना ऐकू येत नाही, अशी त्यांची सोय होती.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी विचार करत होते. लिंक मागायची नाही. ठीक आहे. पण तक्रार मागायला तर या माणसाची कधीच ना नसते.

दुसऱ्या दिवशी निलेशकडून सात-आठ जणांचे ई-मेल पत्ते मिळवले आणि सगळ्यांना एकच प्रश्न पाठवला: काकांच्या गिरमिटाबद्दल तुमची तक्रार काय? काका उत्तर देतील आणि तक्रार-उत्तर दोन्हीही त्यांच्या साइटवर छापू.

उत्तरं अशी आली, जणू माहेरी पत्र लिहितायत. एकेकानं पान-पानभर लिहिलं. गोठलेल्या जमिनीत पातं उतरत नाही. डावखुऱ्या माणसाला मूठ उलटी फिरवावी लागते. दोन गिरमिटं पिळवटून आणणाऱ्या मुलीनं विचारलं, मान आता तरी पिळवटत नाही ना? एकानं शेवटी लिहिलं, 'काका, ती दुसऱ्या वर्षीची तक्रार मी तुम्ही रागावाल म्हणून सांगितली नव्हती. आता सांगतो.'

काका दर गुरुवारी नगरला यायचे, मी वाचून दाखवायची, ते उत्तर सांगायचे आणि मी ते इंग्रजीत टाइप करायची.

"त्या डावऱ्याला सांगा, तू उलटा न्हाईस, माझं पातं उलटं हाय. डावं पातं बनवतो."

शेठनी ते पान पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "मनीषा, अगं गिऱ्हाइकाच्या साइटवर त्याच्याच मालाच्या तक्रारी? हे म्हणजे हॉटेलवाल्यानं बाहेर बोर्ड लावायचा, इथं कालची भाजी मिळते."

"उत्तरं पण आहेत, शेठ."

"उत्तरं कोण वाचतं?"

मातीवाले वाचत होते. पोरांची नावं छापून आली होती, त्यामुळे प्रत्येकानं आपल्या पानावरून तिकडे लिंक दिली. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या मित्रांनी दिली. हॉलंडच्या पोराच्या प्राध्यापकानं ते पान आपल्या वर्गाच्या वाचनयादीत घातलं: 'काळ्या चिकणमातीत नमुना कसा काढावा, यासाठी हे पाहा'. जमिनीचं काम करणाऱ्याला अवजाराची जाहिरात जागोजागी मिळते. अवजार कुठं फसतं, हे बनवणारा स्वतः सांगतोय, असं पान दुसरं नव्हतं.

पुढची मोजणी झाली. राहुरी पहिल्या पानावर आली. मासेवाले खाली राहिले. पुणं मात्र अजून आमच्या एक जागा वर होतं. काकांनी स्क्रीनकडे बघून नुसतं "हं" केलं.

आणि मग एक अनोळखी तक्रार आली. लिहिणारा पूर्व आफ्रिकेतला एक इंजिनियर. त्यानं लिहिलं होतं: ओल्या काळ्या मातीत गिरमिटाची मान पिळवटते. सर्च इंजिनमध्ये 'ऑगर, मान, पिळवट' असे शब्द टाकले, तर जगात फक्त तुमचं पान निघालं. उपाय सांगाल का? सोबत फोटो होता. फोटो हळूहळू, वरून खाली, पट्ट्यापट्ट्यानं उघडत गेला. मान दिसली तसे काका पुढे वाकले.

"हे माझं न्हाई."

"दिसतं तर तसंच."

"बाहेरनं. आत कडी न्हाई. कडी आसती तर मान आशी वळली नसती."

पुण्यानं गिरमिट बाहेरून हुबेहूब उतरवलं होतं. आतली कडी त्यांना दिसलीच नव्हती.

"मग लिहू का, हे आमचं नाही, ज्याचं आहे त्याला विचारा?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी टाइप करायचे हात मागे घेतले.

"मानूस रानात अडकलाय ताई. आधी उपाय लिवा. पाइप कापायचा, आत कडी बसवायची, वरनं वेल्डिंग. माप सांगतो. आन् शेवटी लिवा, हे माझं न्हाई, पन दुखनं माझ्या वळखीचं हाय. राहुरीच्या एका पोरीनं दोन वाकवून आनली तवा मला कळलं."

मी तसंच लिहिलं. तक्रार, फोटो, उत्तर, सगळं पानावर चढवलं.

इंजिनियर त्याच संस्थेचा होता. पुण्याचे काही नग त्यांनी मधल्या काळात चाचणीला नेले होते. त्यानं कडी बसवून पाहिली आणि पुढचा ई-मेल त्याच्या साहेबाचाच आला. त्यात एजंट हा शब्द नव्हता. त्यात लिहिलं होतं: ज्यांना आतलं माहीत आहे, त्यांच्याकडूनच आम्ही घेऊ. ऑर्डर फार मोठी नव्हती, पण ट्रॉल्यांचं काम त्या हंगामापुरतं बाजूला ठेवावं लागलं. अटींमध्ये एक ओळ होती, थोडे नग डाव्या पात्याचे हवेत. काकांनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

त्यानंतरच्या मोजणीत पुणं आमच्या खाली गेलं. मी मुद्दाम मोठ्यानं जाहीर केलं. शेठनी जिलेबी मागवली आणि पाटीवर 'लॅमिनेशन'च्या वर 'पहिल्या पानावर आणून मिळेल' असं रंगवून घेतलं.

आणि मग, मला अजूनही आठवून गुदगुल्या होतात, पुण्याच्या त्या कंपनीचा ई-मेल आला. आपण एकाच क्षेत्रात आहोत, आपण एकमेकांना लिंक देऊ या, दोघांचाही फायदा होईल. खाली अत्यंत आदरपूर्वक वगैरे.

मी काकांना फोन लावला. लेथचा आवाज बंद झाला.

"काय उत्तर देऊ? नाही म्हणू?"

काकांनी तो ई-मेल मला परत एकदा वाचायला लावला.

"न्हाई कशाला म्हनायचं? मानूस मागतोय तर द्या की. आपल्या त्या तक्रारींच्या पानावर द्या."

"तिथं? कुठं?"

"तो पिळवटलेल्या मानेचा फोटो हाय न्हवं? त्याच्या खाली. बघनाऱ्याला कळाया पायजे, माल कुठला हाय."

मी लिंक दिली. पुण्याहून आभाराचा ई-मेल आला. त्यांनीही कबूल केल्याप्रमाणे आपल्या पहिल्याच पानावर आमची लिंक ठेवली आणि ती बरीच वर्षं तिथं होती. लिंक कुठं लावली हे त्यांनी बहुतेक उघडून पाहिलंच नसावं.

हल्ली याला बॅकलिंक म्हणतात आणि त्या मिळवून देणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत. त्यांची पोरं माझ्याकडे सल्ल्याला येतात. मी त्यांना एवढंच सांगते: लिंक मागितली की मिळते. ती कशाखाली लागावी, हे मात्र मागता येत नाही.